नखापेक्षा हप्ता जड

सांगलीत आमच्या मेहुण्याचा त्वचारोगाचा दवाखाना आहे. उसाच्या पाटात उभं राहून चिखल्या झालेली माणसं आणि घरभर गजकर्ण वाटून मग आलेली माणसं, यांच्यावर त्याचं बरं चाललं होतं. मग समोरच्या गाळ्यावर कुणीतरी ‘लेझर’ अशी निळी पाटी लावली. तेव्हापासून ह्याची झोप उडाली.

त्याच आठवड्यात एक पोरगा टाय लावून हजर. मी चहाला टेकलो होतो, तर कॅटलॉग माझ्याही पुढ्यात आला. गोरापान पाय, अंगठ्यावर लाल ठिपका. “सर, नखातली बुरशी! लोक मोज्यात लपवतात, म्हणून मार्केट दिसत नाही.” मग ‘एफडीए’ या अक्षरांखालून त्यानं बोट फिरवलं आणि तिथेच थांबवलं. मला पुढची ओळ वाचायची वाईट खोड. अमेरिकेच्या एफडीएनं २०१० पासून अशा लेझरना मुभा दिली ती ‘नखाचा स्वच्छ भाग तात्पुरता वाढतो’ एवढ्यापुरती. बुरशी बरी होते, असं त्यात नाही. मी ‘तात्पुरता’वर बोट ठेवलं. पोरगा म्हणाला, “काका, या जगात कायमचं काय आहे?” विक्रीच्या ट्रेनिंगमध्ये हल्ली गीताही घेतात वाटतं.

यंत्राचं नाव एनडी-याग, तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. गंमत अशी की हा किरण डोळ्यांना दिसत नाही. लाल ठिपका नुसता नेम धरायला. पेशंट ज्याच्याकडे भक्तिभावानं बघत बसतो, तो इलाजच नव्हे! खरा किरण न दिसता डोळ्याचा पडदा भाजू शकतो, म्हणून खोलीतल्या प्रत्येकाला खास चष्मा लागतो. यंत्राबरोबर चष्मे किती? “एक, सर.” आणि पेशंटला? “डोळे मिटायला सांगायचं.”

“हेच मशीन केस काढतं, टॅटूही काढतं,” पोरगा म्हणाला. मेहुण्यानं, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं, विचारलं की केसांना मिलिसेकंदांची पल्स लागते आणि टॅटूला नॅनोसेकंदांची, मग एकाच यंत्रातून दोन्ही कशा निघणार? “सॉफ्टवेअर अपडेट येतंय, सर.”

दुसरा एजंट फोनवरचा. थेट चीनहून, निम्म्या किमतीत. वैद्यकीय उपकरण आणायचं तर २०१७ च्या नियमांप्रमाणे आयात परवाना लागतो. तो मागितला तर व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ आली, तीत यंत्राचा उल्लेख ‘ब्यूटी इक्विपमेंट’. म्हणजे कस्टमवाल्यांसाठी पार्लर आणि पेशंटसाठी दवाखाना. मेहुणा घाबरला आणि टायवाल्याकडेच वळला.

यंत्र आलं ते लाकडी पेटीतून. चौघांनी धरलं, पाचवा मी, नात्यामुळे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पेटीचा कोपरा निसटला आणि माझ्या उजव्या अंगठ्यावर बसला. “दाजी, पेटीला काही झालं नाही ना?” मेहुणा वरून ओरडला.

आता हिशेब बघा. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर सरकतं. अख्खं नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं. बँकेचा हप्ता मात्र दर पाच तारखेला मुळासकट उगवतो. या दोघांच्या शर्यतीत मेहुण्याचं निदान हळूहळू बदलत गेलं. वाईट दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी असते. बाकी सोरायसिस, घट्ट बूट, जुनी ठेच. पूर्वी हा नखाचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून मायक्रोस्कोपखाली बघायचा. आता मायक्रोस्कोपवर रुमाल पडला आणि रुमालावर गणपती.

गोळी आहेच. टर्बिनाफाइन, २५० मिलिग्रॅम, रोज एक, बारा आठवडे, लिव्हरची तपासणी करून. पण गोळीला हप्ता नसतो, म्हणून तिची निळी पाटीही नसते. कोक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात या लेझरबद्दल म्हटलंय की वर्षभरानं बघितलं तर बुरशी जाण्यात, काहीच न करण्याच्या तुलनेत, फारसा फरक पडत नसावा, पुरावाही कच्चाच. तो कागद मी मेहुण्याला दिला. त्यानं तो घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. टेबल स्थिर झालं, हे खरं.

दोन महिन्यांनी त्याची नजर माझ्या काळ्या नखावर गेली. “बुरशी दिसतेय, दाजी. सहा सिटिंग. घरच्यांना सवलत.”

“अरे, तुझी पेटी पडली होती!”

“वरून तसंच वाटतं.” बोलता बोलता त्यानं मोबाइलवर फोटोही काढला. ‘रेकॉर्डला.’

मी हट्टाला पेटलो. गणपती उचलला, रुमाल काढला, नखाचा तुकडा कापून दिला. काहीही सापडलं नाही. यथावकाश ते नख गळून पडलं, खालून नवं आलं, दीड-दीड मिलिमीटरनं, फुकट. दिवाळीच्या फराळाला गेलो तेव्हा ते पूर्ण गुलाबी झालं होतं, आणि मेहुण्यानं पुन्हा मोबाइल काढला होता.

परवा स्टँडजवळ मोठा फ्लेक्स लागलाय. डावीकडे काळा अंगठा, उजवीकडे गुलाबी, मधे लाल बाण आणि ‘लेझरची किमया!’ अंगठ्यावरचा तीळ आमच्या हिनं रिक्षातूनच ओळखला.

“माझ्या भावाच्या उपयोगी पडलात एकदाचे,” म्हणाली.