काळोखात कोण बघतंय फ्रॉक?

अगं, कुंपणाला हात लावू नकोस, जास्वंदीला तांबड्या मुंग्या लागल्यात. हं, काय विचारत होतीस? ईस्टरला नवा कपडा लागतोच का? तसा नियम कुठे लिहिलेला नाही बाई. पण आमच्या लहानपणी वसईत कुणी नाताळचा फ्रॉक ईस्टरला जसाच्या तसा घातला, की रविवारी दुपारपर्यंत अख्ख्या आळीत झालेलं असायचं. आई म्हणून नाताळातच शिंप्याला सांगून ठेवायची, खाली चांगली चार बोटं दुमड ठेव. ईस्टर आला की ती उसवायची. जुन्या घडीची रेघ काही केल्या जायची नाही, मग त्या रेघेवर लेस टाचायची. झाला नवा फ्रॉक!

आणि किती उसवायची ते चंद्रावर. हसतेस काय? तुमच्या कालनिर्णयात बघ. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढच्या रविवारी ईस्टर. म्हणजे बहुतेक वेळा तुमची हनुमान जयंती झाली की आमचा सण. एखाद्या वर्षी मात्र होळीच्या पाठोपाठच येतो. 2024 साली नाही का, सोमवारी धुळवड आणि त्याच आठवड्यात रविवारी, 31 मार्चला ईस्टर. लवकरात लवकर 22 मार्च, उशिरात उशिरा 25 एप्रिल. उशिरा आला की तेवढ्यात आम्ही पोरी आणखी बोटभर वाढलेल्या असायचो, आणि आईची चार बोटंही पुरायची नाहीत.

थोरल्या बहिणीला मात्र नवं कापड यायचं. मोगऱ्याच्या मोसमात आई पहाटेच्या गाडीने फुलं घेऊन दादरला जायची, आणि एखाद्या दिवशी फुलं विकून तशीच पुढे मंगलदास मार्केटात. ऑरगंडी आणायची. आता मला सांग, एप्रिलातला उकाडा, त्यात ऑरगंडी, आणि आत भाताच्या पेजेत घालून कडक केलेला कॅनकॅनचा परकर! बाकावर बसलं की परकर पुढून पापडासारखा उभा राहायचा. दोन्ही हातांनी दाबून धरायचा, मग प्रार्थनेला हात कुठून जोडणार?

खरी गंमत पुढेच आहे. एवढा नटापटा करून आम्ही जायचो कुठे, तर मिट्ट काळोखात. मुख्य मिस्सा शनिवारी रात्री असते ना. पूर्वी तसं नव्हतं हो. आमच्या आजीच्या वेळी हा विधी शनिवारी सकाळी उरकायचे. बारावे पायस पोप होते, त्यांनी 1955 साली हुकूम काढला आणि 1956 पासून सगळीकडे रात्री झाला. आजीला ते शेवटपर्यंत पटलं नाही. म्हणायची, काळोखात कोण बघतंय तुमचा फ्रॉक?

तर देवळातले सगळे दिवे घालवलेले. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवायचा, फादर त्यावर ती मोठी मेणबत्ती लावायचे, त्या त्या वर्षाचे आकडे कोरलेली. तिच्यावरून आमच्या मेणबत्त्या पेटायच्या, ह्याच्यावरून त्याच्या, त्याच्यावरून तिच्या. प्रत्येकीला पुठ्ठ्याची चकती असायची मेण अडवायला, पण ती चकती पोरं आधीच वाकडी करून ठेवायची. मग वाचनांवर वाचनं. सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात, पुढे तांबडा समुद्र दुभंगला तरी दिव्यांचा पत्ता नाही. ग्लोरिया सुरू झाला की मात्र एकदम सगळे दिवे लागायचे. गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा खणाणायच्या, पुतळ्यांवरचे जांभळे पडदे निघायचे. फादरांना वाटायचं लोक वेदीकडे बघतायत. छे! त्या पहिल्या दोन मिनिटांत अर्धं देऊळ मान वळवून मागच्या बाकांवर कुणी काय घातलंय ते बघून घ्यायचं. मला विचारशील तर देवालाही त्यात काही वावगं वाटत नसेल. चाळीस दिवस उपास, गोडधोड बंद, गुड फ्रायडेला काळी नाहीतर पांढरी वस्त्रं. एवढं झाल्यावर माणसाच्या डोळ्यांना रंग नको?

आणि त्याच उजेडात कळायचं, पुढच्या बाईच्या पाठीवर आपल्या मेणबत्तीचं मेण कुठवर ओघळलंय ते. सोमवारी घरोघरी एकच उद्योग. आधी बोथट सुरीने वरचं मेण खरवडायचं, मग डागाच्या वर एक टीपकागद, खाली एक, आणि बेताची गरम इस्त्री फिरवायची. कागद मेण पिऊन तेलकट व्हायचा, की लगेच सरकवून कोरी बाजू. घाई केली की कापड गेलंच. नायलॉनवर तर इस्त्री टेकवायची सोयच नव्हती, चर्रकन आकसायचं. आमच्या एका आत्तेबहिणीचा जपानी नायलॉनचा फ्रॉक असा इस्त्रीलाच चिकटून आला होता. कापड मामाने बोटीवरून आणलेलं, त्यामुळे रडणं दुप्पट.

डोक्यावर जाळी लागायची, ते वेगळंच. तेव्हा चर्चच्या कायद्यातच होतं, बायकांनी डोकं झाकायचं. 1983 च्या नव्या कायद्यात ते कलम राहिलं नाही, पण जाळ्या त्याच्या कितीतरी आधी गळून पडल्या होत्या. जाळी विसरलेल्या पोरी भावाचा हातरुमाल डोक्यावर पिनेने अडकवायच्या. अर्धी मिस्सा तो सावरण्यात जायची.

1973 ला ‘बॉबी’ आला. त्यातली नायिका ब्रगांझा, म्हणजे आमच्यातलीच की! मग काय, पुढच्या ईस्टरला निम्म्या पोरी ठिपक्यांच्या कपड्यांत. फादरांनी प्रवचनात तांबड्या समुद्राच्या जोडीला आखूड स्कर्टही घेतले. मुलांच्या बेलबॉटमबद्दल अवाक्षर नाही हं. गुडघे टेकताना त्या मोहऱ्यांनी अख्खा पॅसेज झाडून निघायचा, तो नाही दिसला कुणाला.

आजीचं मात्र बरं होतं. लाल चौकड्यांचं लुगडं, अंगावर पांढरं स्वच्छ कापड, कानांत सोनं. ना दुमड, ना लेस. फॅशन आली नि गेली, तिची पेटीतली घडी तशीच. आता ईस्टर लंचला सुना तेच लुगडं नेसून फोटो काढतात. मी म्हटलं, काढा बाई, पण नेसता तरी नीट शिका, घोट्यावर येतंय ते.

आणि हो, उपासाच्या दिवसांत लग्नं नसतात आमच्यात. त्यामुळे ईस्टर झाला रे झाला की एप्रिल-मेत झुंबड. मुलांच्या आया शनिवारच्या त्या उजेडातच पोरी हेरून ठेवायच्या. एकीने अशीच निळ्या सॅटिनवर सून पसंत केली. पोरगी काय टापटिपीची, काय आवड, म्हणून वर्षभर कौतुक. लग्नानंतर कळलं, ड्रेस चुलत बहिणीचा, सॅन्डल मावशीच्या, आणि बाईसाहेबांना साधं बटण टाचता येत नाही. नवरा अजून विचारतो म्हणे, तो निळा ड्रेस तू पुन्हा कधी घातला का नाहीस?

कोण म्हणून काय विचारतेस, नाव कशाला घेऊ? ती बघ, कोपऱ्यावरून भाजीची पिशवी घेऊन येतेय. हळू बोल.