रसिक व्हावे कसे : जालना आवृत्ती

साहित्य : टेपरेकॉर्डर, षटकोनी पेन्सिल, चिकटपट्टी आणि 'नको' म्हणता न येणारा एक धाकटा मेहुणा.

एकच प्रकार ऐकणाऱ्याला आमच्या जालन्यात भाविक म्हणतात. रसिक व्हायचं तर सगळं ऐकावं लागतं. म्हणून भीमसेनांच्या 'अभंगवाणी'ला खेटून मायकेल जॅक्सनचा १९८२चा 'थ्रिलर' लावावा, त्याखाली १९९८चा 'गारवा'. आनंद शिंदेंचा 'नवीन पोपट' मागच्या रांगेत ठेवावा. (सगळ्यांत जास्त झिजलेली टेप तीच असते, पण ते पाहुण्यांना कशाला सांगा.) अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवात मांडी घालून बसावं आणि शेजाऱ्याच्या कानात पुटपुटावं, "कॅसेटवर जास्त खुलतो हा राग."

आता मुख्य विधी. १९६७चा 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस. अहिर भैरवात उजाडतं, पहाडीत रात्र होते. कच्चा रसिक हा दिवस पाऊण तासात उरकतो. पक्का रसिक मेंढपाळाच्या वेळा पाळतो. मे महिन्यात, कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत, मेहुण्याला समोर बसवून पाळतो.

अडचण भारनियमनाची. दुपारी लाइट गेली की मेंढपाळ पिलूतच अडकतो. अशा वेळी गच्चीवर उन्हात तापवलेले जुने सेल घालावेत. संध्याकाळच्या भूपापर्यंत ते उतरतात, टेप रेंगाळते, बासरीचा भोंगा होतो. घाबरू नये. डोळे मिटून "खर्ज बघा काय लागलाय!" म्हणावं. मेहुणा मान डोलावतो. टेप गुंतलीच, तर पेन्सिल चाकात घालून हलक्या हाताने फिरवावी. मान मेहुण्याने डोलावत राहावी.

कॅसेट उसनी कुणाला देऊ नये. द्यावीच लागली, तर कडेच्या दोन्ही चिपा आधी मोडाव्यात, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मी मोडल्या होत्या. पण आमच्या मामांकडेही चिकटपट्टी होती, आणि मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काही थांबणार नव्हता. तेव्हापासून आमचा मेंढपाळ रात्री पहाडीत जरा विसावतो न विसावतो, तोच गुरुजी खणखणीत आवाजात "सावधान!" ओरडतात आणि बँड सुरू होतो.

हल्ली मूळ अल्बम मोबाइलवर फुकट मिळतो. परवा मेहुण्याला बोलावून लावला. पहाडी आली, बासरी आली, पण त्या ठिकाणी कुणीच ओरडेना. मी मेहुण्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे.

शेवटी त्यानेच "सावधान" म्हटलं.