पडली नाही जी, टाकली!

गोंदियात लग्नाची पंगत उठली की माणसं हात धुऊन पान शोधतात. ओव्हरसियर काकाजी टेबलाखालच्या रिकाम्या बाटल्या शोधतात. स्कूटरच्या डिकीतून युरियाचं पोतं निघतं, बाटली पायाखाली चपटी होते, झाकण मात्र वेगळ्या खिशात जातं. ‘बाटलीचा तुकडा पाण्यात बुडतो, झाकणाचा तरंगतो. जातच वेगळी,’ हे ते नवरदेवाच्या बापालाही अडवून सांगतात.

बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन जमाना झाला, पण पद नावाला चिकटलंय. असा एक जण प्रत्येक मोहल्ल्यात असतोच. कुणी धानाच्या तुसावर वीज करायला निघतो, कुणी पाण्यावर मोटरसायकल चालवायला. आमचे काकाजी काँक्रीटमध्ये रेतीऐवजी प्लास्टिक घालून वैनगंगेची रेती वाचवायला निघालेत. पावसाळ्यात घाट बंद होऊन रेतीचा भाव चढला की त्यांचा आवाजही चढतो. 23 मार्च 2018 ला राज्यात पन्नीबंदी आली तेव्हा सगळा मोहल्ला खूश होता. हे एकटे हळहळत होते: ‘कच्चा माल बंद केला राजेहो!’

त्यांचं हुकमी वाक्य म्हणजे ‘गोव्याचं पाहा!’ गोव्याचं खरंच पाहण्यासारखं आहे. इंग्लंडमधलं बाथ विद्यापीठ आणि गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी मिळून काँक्रीटमधली दहा टक्के रेती काढून प्लास्टिक घातलं आणि 2018 मध्ये निष्कर्ष छापले. बाटल्या धुऊन, दळून, रेतीच्या मापात चाळून घातल्या तर ताकद फारशी घटत नाही. काकाजींना यातलं गोवा पाठ आहे. दहा टक्के आणि चाळणी तेवढी विसरतात. दळायला यंत्र नाही, म्हणून काकूंच्या अडकित्त्यानं कातरतात. काकूंनी सुपारी सोडली ती तेव्हापासून.

प्लास्टिकच्या रस्त्यांवाले मदुराईचे प्राध्यापक वासुदेवनही त्यांच्या बोलण्यात हटकून येतात. पण तो मामला डांबराचा. तिथं गिट्टी तापलेली असते, प्लास्टिक वितळून तिच्यावर लेप बसतो. काँक्रीट थंड, त्यात प्लास्टिक जसंच्या तसं राहतं आणि त्याच्या गुळगुळीत अंगाला सिमेंट धरत नाही. हे सांगितलं की काकाजी क्षणभर थांबतात, चष्मा पुसतात. ‘मग खरबरीत करू ना गा!’

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी दारापुढं ओटा टाकला. मिस्त्री घमेल्यात डोकावून म्हणाला, ‘साहेब, मालात पन्नी पडली जी.’

‘पडली नाही जी, टाकली!’

मिस्त्री थापी मारी, तसतशी झाकणं वर येत. माल जड, प्लास्टिक हलकं. काकाजी बोटानं एक खाली दाबत, तर दुसरं शेजारून डोकं काढी. शेवटी एक निळं झाकण बरोबर मधोमध राहिलं. मोहल्ल्यातली पोरं ते खिळ्यानं उकरत बसतात आणि काकाजी त्यांना ताकदीची चाचणी घेणारे समजून कौतुकानं पाहतात.

खरी चाचणीही झाली. पंधरा सेंटीमीटरचे ठोकळे पाडले, अठ्ठावीस दिवस काकूंच्या धुण्याच्या टाक्यात बुडवून ठेवले (तोवर धुणं शेजारी), मग ओळखीच्या लॅबमध्ये नेले. साध्या ठोकळ्यानं जास्त भार पेलला. प्लास्टिकचा आधीच दबला, पण तुकडे उडाले नाहीत. झालं! काकाजी घरोघरी सांगत सुटले, ‘फुटला तरी कसा, ते पाहा! शिस्तीत फुटला!’

माझं मत स्पष्ट आहे. काकाजींचा माल कुंडीला, ओट्याला, बागेतल्या पायवाटेला चालेल. स्लॅबला आणि कॉलमला नको. 2016 च्या आयएस 383 या मानकात रेती-गिट्टीऐवजी स्लॅग आणि तोडलेल्या काँक्रीटची गिट्टी मर्यादेत चालते, प्लास्टिकचं त्यात नाव नाही.

तरीही आमच्या घराचा स्लॅब टाकला त्या दिवशी मी काकाजींनाच बोलावलं. माल सैल व्हावा म्हणून मिस्त्री गुपचूप बादलीभर पाणी ओततो, अन् कितीतरी स्लॅब त्या बादलीनंच कच्चे राहतात. काकाजी सकाळपासून पाण्याच्या ड्रमशेजारी खुर्ची टाकून बसले, जेवायलाही उठले नाहीत. तुमच्या मोहल्ल्यातल्या काकाजींनाही स्लॅबच्या दिवशी जरूर बोलवा. फक्त मिक्सरजवळ एकटं सोडू नका.