गाडी रनिंगमध्ये आहे!

दसऱ्याला शोरूममधून नवी गाडी बाहेर पडते तेव्हा तिच्या बॉनेटवर झेंडूचा हार असतो, चाकांखाली लिंबं असतात आणि मागच्या सीटवर एक काका असतात. हार संध्याकाळपर्यंत सुकतो, लिंबांचा निकाल पहिल्या फुटातच लागतो. काका मात्र पुढचे हजार किलोमीटर उतरत नाहीत. "साठच्या वर नेऊ नकोस रे, गाडी रनिंगमध्ये आहे," असं ते पहिला सिग्नल यायच्या आतच बजावतात. त्या वेळी काटा अकरावर असतो.

काकांना उगाच हसू नये. प्रीमियर पद्मिनीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली ही पिढी. त्या काळी इंजिनाचे भाग आजच्याइतके नेमके कातलेले नसत. पिस्टन, रिंगा, सिलिंडर एकमेकांना घासूनच आपापली जागा करून घेत आणि त्या घासाघाशीचा चुरा तेलात उतरे. मग गाडीला बाळंतिणीसारखं सव्वा महिना जपायचं, पहिल्या सर्व्हिसला तेल बदलायचं, हे ओघानंच आलं. ब्रिटनमध्ये तर लोक मागच्या काचेवर 'रनिंग इन, प्लीज पास' अशी पाटी लावून फिरत. आपल्याकडे पाटीची गरज पडली नाही. मागचा ट्रकवाला विनंतीची वाट न बघताच पुढे जातो.

काकांच्या विरुद्ध पक्षाचं नेतृत्व सहसा मेव्हण्याकडे असतं. "जिजू, सुरुवातीलाच दाबून चालवायची, तरच इंजिन मोकळं होतं!" हे त्याचं शास्त्र. त्यात अर्धं सत्य आहे, आणि त्या अर्ध्याच्या जोरावर त्याला नवी कोरी गाडी तिसऱ्यात खेचून खंबाटकी चढायची असते.

सत्याचा अर्धा भाग असा. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ओढलेल्या असतात. त्यांच्यात तेल धरून राहतं आणि रिंगा त्यांच्यावर घासत नीट बसतात. रिंग भिंतीला दाबून धरण्याचं काम तिच्या स्वतःच्या ताणापेक्षा जळलेल्या वायूचा दाब जास्त करतो. तो वायू रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर रेटतो. इंजिनावर कधी भारच पडला नाही, तर हा रेटा पुरेसा मिळत नाही, भिंतीवर तेलाचा गुळगुळीत थर जळून बसू शकतो आणि पुढे गाडी तेल पिऊ लागते. म्हणजे अति लाडानंही गाडी बिघडते. पण थोडा भार देणं वेगळं आणि पहाटेच्या गार इंजिनाला लाल रेषेपर्यंत किंचाळायला लावणं वेगळं. हा फरक मेव्हण्याच्या शास्त्रात बसत नाही.

खरं म्हणजे या भांडणाचा निकाल ग्लोव्ह बॉक्समध्ये छापील पडलेला असतो. पण त्या पुस्तिकेवर विम्याचे कागद, पीयूसी आणि कुठल्याशा हॉटेलातल्या बडीशेपेच्या पुड्या असल्यामुळे तिथवर कुणाचा हात पोचत नाही. सुझुकीच्या पुस्तिकेत पहिल्या ९६० किलोमीटरसाठी, म्हणजे ६०० मैलांसाठी, काही पथ्यं दिलेली आहेत. गाडी सुरू केल्या केल्या इंजिन रेस करू नका. थांबलेली गाडी उचलताना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका. फार वेळ एकाच वेगात राहू नका. वरच्या गिअरमध्ये हळू चालवू नका.

साठचा उल्लेख त्यात नाही. उलट काकांच्या धाकानं पुतण्या पाचव्या गिअरमध्ये चाळीसनं जातो, इंजिन ढकढक करतं आणि काका समाधानानं म्हणतात, "बघ, कशी शांत चाललीय!" पुस्तिकेच्या हिशेबी हे मेव्हण्याच्या घाटाइतकंच चूक.

तिसरा गुन्हेगार त्याहून सोज्वळ असतो. तो नवी गाडी घेऊन एक्सप्रेसवेवर जातो, शंभरची मर्यादा पाळून नव्वदवर क्रूझ कंट्रोल लावतो आणि लोणावळा येईपर्यंत पाय हलवत नाही. वाहतूक पोलीस खूश, रिंगा नाराज. एकच वेग फार वेळ नको, हे पथ्य टोयोटाही पहिल्या हजार किलोमीटरसाठी सांगते. या बाबतीत हिंजवडीचा ट्रॅफिक फार शास्त्रशुद्ध आहे. वीस, शून्य, पस्तीस, शून्य. तिथे एकच वेग टिकवून दाखवणाऱ्याचा सत्कारच करायला हवा.

पहिल्या ३२० किलोमीटरमध्ये जोरात ब्रेक मारू नका, असंही सुझुकी सांगते. ब्रेक पॅड डिस्कवर नीट बसायला वेळ लागतो, कोऱ्या टायरांची पकडही थोडं अंतर गेल्यावर सुधारते. पण विरुद्ध बाजूनं येणाऱ्या स्कूटरवाल्याला हा ३२० चा आकडा कुणी कळवलेला नसतो.

जपण्याची व्याख्याही देशागणिक बदलते. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत पहिल्या २००० किलोमीटरपर्यंत ४५०० आरपीएम आणि ताशी १६० किलोमीटर ओलांडू नका, असं लिहिलेलं असतं. जर्मनीच्या ऑटोबानवर हा संयम. हे वाक्य काकांना वाचून दाखवू नये.

मग पाळायचं की नाही? पाळावं. आजची इंजिनं पूर्वीपेक्षा कितीतरी नेमकी बनतात, तेव्हा एखाद्या दिवशी जास्त पळवली म्हणून आकाश कोसळत नाही. शिवाय गाडी मालकाच्या हातात येण्याआधी यार्डातल्या पोरानं ती गार इंजिनावर किती वेळा आणि कशी हलवली, हे फक्त त्याला आणि गाडीला ठाऊक. पण पुस्तिका मागते तरी काय? इंजिन गरम होईपर्यंत सबुरी, वेगात बदल, वेगाला साजेसा गिअर. पैसा लागत नाही, महिना-दोन महिन्यांत हजार किलोमीटर होऊनही जातात.

पैसा लागतो तो त्यानंतर. पहिल्या मोफत सर्व्हिसला काका डिपस्टिक काढतात, तेल दोन बोटांत चोळतात, हुंगतात आणि जाहीर करतात, "काळं पडलंय. बदला." बऱ्याच कंपन्या या सर्व्हिसला फक्त तपासणी करतात. होंडा तर कारखान्यातून भरून आलेलं तेल ठरलेल्या मुदतीआधी काढू नका, असंच सांगते. ॲडव्हायझर म्हणतो, "काका, याला अजून वेळ आहे." काका म्हणतात, "पैसे मी देतो." असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही. ॲडव्हायझर लगेच टॅबवर बोट फिरवू लागतो: टेफ्लॉन कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग, उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून फवारणी.

काका चष्मा वर करून यादी वाचतात. "बाकीचं राहू दे," ते म्हणतात, "उंदरांचं तेवढं करून टाक."