माझ्या सायकलीची सीट नेणाऱ्यास अनावृत पत्र

मा. चोर महोदय यांसी,

सा. न. वि. वि.

स्टेशनबाहेरच्या कठड्याला बांधलेल्या माझ्या सायकलीची आपण परवा बारकाईने पाहणी केलीत, त्याबद्दल आभार. मागचा लाल दिवा, घंटी, सीट आणि हँडलला अडकवलेलं हेल्मेट आपण नेलंत. चाकांच्या तारांत लुकलुकणारे रंगीत दिवे आणि बाटलीची पिशवी मात्र जागच्या जागी. विकताना दुकानदाराने हे सगळंच ‘मस्ट’ आहे, असं सांगितलं होतं. त्यातलं खरंच लागतं काय, ते ठरवणारा जाणकार आपल्या रूपाने पहिल्यांदाच भेटला.

दिव्याची आपली पारख तर मानलीच. पुढच्या दिव्यात सायकलवाल्याला खड्डा दिसतो. मागच्या दिव्यामुळे ट्रकवाल्याला सायकलवाला दिसतो. लोक पैसे टाकतात पुढच्यावर, मागे असतो चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर. आपण थेट मागे हात घातलात. त्या दिव्याचा रबरी पट्टा चुटकीसरशी निघतो, ही सोय कंपनीने मालकासाठी केली होती म्हणे! जुना डायनॅमो नट-बोल्टने आवळलेला असे. सायकल थांबली की त्याचा दिवा विझे, हे खरं; पण काढायला पाना लागे. आपल्याला एवढे कष्ट द्यायचे म्हणजे पापच.

सीटचा हाताने उघडणारा खटका आता गेला, तिथे ॲलन बोल्ट आला. केबलचं कुलूप आपण कापलं नाहीत, हा आपला मोठेपणा. एरवी ती केबल म्हणजे राखीचा धागा. आता ‘डी’ आकाराचं कुलूप घेतलंय, फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींना एकत्र अडकवणारं. आपली गैरसोय होईल, क्षमस्व.

काळजी वाटते ती हेल्मेटची. आतला ‘ईएन १०७८’चा शिक्का खरा आहे, त्यात फसवणूक नाही. पण ते माझ्या डोक्यासकट डांबरावर आपटून झालेलं आहे. आतला थर्माकोल मार झेलताना दबतो आणि पुन्हा फुगत नाही. वरचं प्लास्टिक मात्र चकाचक राहतं. म्हणून ते भंगारात द्यायला निघालो होतो. विकणार असाल तर गिऱ्हाइकाला तेवढं सांगा. स्वतः वापरणार असाल, तर नवं घ्या.

आणि हो, दिव्याची चार्जिंगची केबल माझ्याकडेच राहिली आहे.

कळावे.