वीरगळमामा

सोलापुरात एप्रिलच्या दुपारी कुत्रंसुद्धा भिंतीची सावली सोडत नाही. अशा वेळी सीनेच्या कोरड्या पात्रात कुणी वाकून दगड न्याहाळताना दिसला, तर त्याचं काही हरवलंय असं समजू नका. तो वीरगळमामा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, वीरगळ, शोधत हिंडणारा. जिल्ह्यात असे बरेच निघतील. एकाचं दुसऱ्याशी पटत नाही, एवढंच.

आमच्या मामांच्या खांद्याला शबनम. तीत पाण्याची बाटली, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि अक्षरांतली माती झाडायला दाढीचा जुना ब्रश. पायवाट दिसली की मामा तिच्याकडे पाठ फिरवतात. "वाटेवरचं सगळं लोकांनी बघितलंय की बे!" मग ओढ्याच्या घळीतून आमची वरात निघते. माझे दोन शर्ट आजवर वेड्या बाभळीनं ठेवून घेतलेत.

मागच्या खेपेला एका वस्तीवर धुण्याचा दगड पाहून मामा थबकले. "आजी, हा जरा उलटा करू का?"

"धुणं संपू द्या की."

मामा तासभर उन्हात उभे. मग दोघांनी पहार घालून दगड उलटला. आधी एक विंचू निघाला, मग तीन चौकटी. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तोच वीर पिंडीपुढे बसलेला. मामांनी चपला काढल्या.

"आता धुणं कशावर आपटू?" आजींनी विचारलं. मामांनी भर उन्हात दुसरा सपाट दगड शोधून दिला. तोही आधी उलटून बघितला.

मामांचं दैवत म्हणजे सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार. हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरात, तुळईवर कोरलेला शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा मराठी लेख त्यांनी उजेडात आणला. कालोल्लेख असलेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांपैकी तो एक. "वाचील तो विजयी होईल, असं लिहिलंय त्यात!" मामा घरी गेल्यागेल्या मामींना ऐकवतात. "आणि दळण कोण आणील, ते लिहिलंय का?" मामी विचारतात.

कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे, 359 मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. मामा मात्र तिकडं फारसे फिरकत नाहीत. गाडी थेट देवळापर्यंत जाते.