पूर्वजाला सरदार करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

लंडनमध्ये (कॅनडातल्या; थेम्स इथेही आहे) बसून पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले मोडी कागद वाचायचे, तर निष्कर्ष आधी ठरवून ठेवावा. आमच्या दादाकाकांचा ठरलेला आहे : १४ जानेवारी १७६१, पानिपत, भाऊसाहेबांच्या उजव्या हाताला आपलेच आजे. त्या उजव्या हाताला इतकी घराणी उभी होती की अब्दालीला जागा कुठे मिळाली, देव जाणे.

फोटो सरळ धरून मागावा. कागदावर अंगठा नको.

मोडीत आधी सबंध ओळभर रेघ ओढतात आणि मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत सुटतात. शब्दांत अंतर नाही, ह्रस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. म्हणजे ओळ तोडायची कुठे हे वाचणाऱ्यावर. काका ती ‘सरदार’ निघेपर्यंत तोडतात.

तारखेला घाबरू नये. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : ११६१. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवावेत, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. साल मृगाला बदलते. इथे मृगाचा पाऊस कळत नाही, तेव्हा जंत्री जवळ ठेवावी.

आता हुद्दा. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला आला तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसला तो बारगीर. आमच्या कागदात घोडे पुष्कळ आहेत, कुमाईत आहेत, अबलख आहेत. आजे एकावरही नाहीत. ते चंदी-वैरणीचा हिशेब लिहितात. तिथल्या उभ्या रेघा पूर्णविराम समजू नयेत : ३। म्हणजे सव्वातीन, ३॥ साडेतीन, ३॥। पावणेचार. बेरीज मी करून पाहिली. पावशेराचाही फरक नाही, आणि खाली जखमी घोड्याची चंदी वेगळी मांडलेली. कोण करतो हो इतकं? पानिपतावर रसद तुटली, माणसं-जनावरं उपाशी मेली, तेव्हा असला कारकून सोन्याच्या भावाने घेतला असता.

हे काकांना सांगू नये. सांगितले, तर “मग सरदारांच्या हाताखाली तरी होते ना?” एवढेच विचारतात.

काका इकडे आलेच, तर वोल्सली बॅरॅक्समधले रॉयल कॅनेडियन रेजिमेंटचे संग्रहालय टाळावे. तिथे काचेमागे पदके आहेत. वंशावळीत ‘लष्कर खाते’ लिहून द्यावे आणि चहा टाकावा.